नऊ नंबरचा टेंट

नवानंतर दहा येतो, हे कॉम्प्युटरला पटवण्यात माझी निम्मी उमेद खर्च झाली, असं मी म्हटलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई गमतीशीर बोलते. मी गमतीशीर बिलकूल नाही. आमच्या घरात माझा तिरसटपणा प्रसिद्ध आहे, आणि त्यातला बराचसा या नवा-दहाच्या भानगडीतून आलेला आहे.

मी भिंगारला राहते आणि वेबसाईटी बनवते. शेजारीपाजारी याचा अर्थ असा घेतात की मला प्रिंटर दुरुस्त करता येतो, आधार कार्डावरचा फोटो बदलता येतो आणि कोणाच्या तरी भाच्याला पुण्यात चिकटवता येतं. यातलं काही मला येत नाही. मी काय करते ते सांगायला सोपं आहे. लोकांनी भरलेली माहिती दुसऱ्या लोकांना नीट लावून दाखवते. ‘नीट’ म्हणजे कशी, यावरून मात्र सगळी भांडणं होतात.

आता ते नऊ आणि दहा. नुसते आकडे दिले तर कॉम्प्युटर ते बरोबर लावतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘टेंट 9’ आणि ‘टेंट 10’ असे आकडे नावात अडकलेले असले की त्याच्या लेखी तो सगळा मजकूर. आणि मजकूर तो शब्दकोशातल्यासारखा लावतो, एकेक अक्षर तपासत. ‘टेंट’ दोन्हीकडे सारखं. मग एकीकडे 9, दुसरीकडे 1. एक लहान, म्हणून टेंट 10 आधी. संपला विषय. त्या एकामागचं शून्य बघायची त्याला गरजच वाटत नाही. त्यामुळे यादी लागते ती अशी: एक, दहा, अकरा, बारा, असं एकोणीसपर्यंत, मग दोन, मग वीस. नऊ बिचारा पार तळाला. यावर उपाय आहे. नावातून आकडा बाजूला काढायचा, त्याला ‘तू आकडा आहेस’ असं बजावायचं आणि मग तुलना करायची. दोन ओळींचं काम आहे. या दोन ओळींनी मला जेवढं छळलंय तेवढं माझ्या सासरच्यांनीही छळलेलं नाही.

देवळाली प्रवराकडच्या एका शाळेची वेबसाईट मी सांभाळायला घेतली, तेव्हा तिच्यावर इयत्ता पहिलीच्या खाली इयत्ता दहावी दिसायची. हेडसरांचा फोन आला, “मॅडम, आमची पोरं पहिली पास झाली की थेट बोर्डाला बसतात का?” मी ते दुरुस्त केलं आणि हेडसर खूश झाले. दुसरं गिऱ्हाईक आमच्या भिंगारच्या बाजारातलं, बनियनचे दुकानदार. त्यांच्या वेबसाईटवर शंभरचा साईज ऐंशीच्या आधी यायचा. तो मी न सांगता, आपुलकीने सरळ करून दिला. संध्याकाळी शेटजी दारात हजर. “ताई, होतं तसं करा. शंभरचा माल माझ्याकडं पडून आहे. तोच आधी दिसू द्या.” मी ते पुन्हा मुद्दाम बिघडवून दिलं आणि घरात शिरून नवऱ्यापुढे आदळआपट केली. क्रम चुकला की कोणाची तरी सोय होत असते, हे त्याच दिवशी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

मग ते भंडारदऱ्याचं प्रकरण आलं. त्याबद्दल मला आजही नक्की काय म्हणायचंय ते कळत नाही, म्हणूनच लिहायला बसलेय.

धरणाच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना मी पुन्हा तोंड दाखवणार आहे. पाण्याच्या कडेला गावाची थोडी सपाट जागा आहे आणि तिच्यावर गावकऱ्यांचे तीस टेंट. थंडीत शनिवार-रविवारी नाशिक-मुंबईचे लोक येतात, शेकोटी करतात, पिठलं-भाकरी खातात आणि पाण्यात पडलेल्या चांदण्यांचे फोटो काढतात. एकेका कुटुंबाचा एकेक टेंट. पाहुणे कोणाकडे जायचे, यासाठी त्यांची जुनी रीत होती. गावात गुरं राखायची पाळी असायची. ज्याच्या दारात काठी टेकवलेली, त्याने त्या दिवशी सगळ्यांची गुरं रानात न्यायची, आणि सांजेला काठी शेजारच्या दाराशी ठेवून यायचं. टेंट आले तेव्हा त्यांनी हीच काठी टेंटांसमोरून फिरवली. काठी ज्याच्यापुढे, पुढचे पाहुणे त्याचे. पाहुणे कितीही येवोत, आठवडा मध्ये जावो, काठी होती तिथेच उभी राहायची.

मग गावाने वेबसाईट करून घेतली. करणारा मुलगा संगमनेरचा होता. तो पुण्यात नोकरीला गेला आणि वेबसाईट माझ्या गळ्यात पडली. पाहुण्याने बुकिंग केलं की वेबसाईट यादीतला पुढचा टेंट निवडायची आणि त्या मालकाच्या मोबाईलवर ‘पाळी तुमची’ असा मेसेज पाठवायची. दर सोमवारी मात्र ती सगळं पुसून पुन्हा यादीच्या पहिल्या नावापासून सुरू व्हायची. का, ते त्या मुलालाच ठाऊक. काठी कोणीतरी घरात नेऊन ठेवली.

गावाचा एक नियम होता. जागा गावाची, आणि टेंट लावायला टपलेली घरं अजून बरीच. म्हणून दिवाळीपासून सीझन संपेपर्यंत ज्या टेंटवर एकही पाळी झाली नाही, त्याने जागा सोडायची. ती पुढच्या घराला मिळणार. नाशकात जाऊन बसलेले लोक फुकट जागा अडवतात, त्यांच्यासाठी तो नियम केलेला होता. तो उलटला सुगंधावर.

सुगंधा नऊ नंबरच्या टेंटची मालकीण. नवरा घोटीकडे जीप चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. टेंट हिचा एकटीचा, अगदी खुंट्या ठोकण्यापासून. सीझन संपायला दोनच शनिवार उरले असताना तिचा मला फोन आला.

“तुमीच का त्या वेपसाईटवाल्या म्याडम?”

“हो. बोला.”

“दिवाळीपून माझ्याकडं एक पाव्हना न्हाई. म्या रोज टेंट झाडून बसती. आज मोबाईलात यादी बघितली तर मी सगळ्यांच्या खाली. मी तुमचं काय वाईट केलंय?”

माझं डोकं फिरलं. ओळख ना देख, आणि ही बाई मला जाब विचारतेय. ‘वेबसाईट मी बनवलेली नाही,’ असं तडकून सांगून मी फोन ठेवला. मग यादी उघडली आणि हसूच आलं. जुनाच वैरी. एक, दहा, अकरा. ‘टेंट 10’वाला एकाच्या मागोमाग, आणि नऊवाली तळाला. एकेका शनिवारी दहा-बारा टेंटांपुरते पाहुणे येत आणि सोमवारी पाळी परत वर जाई. नाताळच्या गर्दीत एकदाच ती आठ नंबरापर्यंत उतरली होती, तळाच्या नवापर्यंत ती पोचणारच कशी?

मी ती दुरुस्ती चहा थंड व्हायच्या आत केली. नावातलं आकड्याखेरीज सगळं काढून टाक, उरेल त्याचा आकडा कर, आणि लाव. चुलीवरचं दूध उतरवावं इतकं हे हाताला सवयीचं झालेलं काम. सुगंधाला फोन करून ऐटीत सांगितलं, “झालं काम. शनिवारी बघा.”

रविवारी सकाळी तिचाच फोन. मला वाटलं, आभार मानायला केलाय.

“म्याडम, तुमी काय केलं हे? मी पयली आली.”

“पहिली? नऊ नंबर ना तुमचा?”

“व्हय. तरी पयली. आठ मानसं जेवून गेली माझ्याकडं. आता गाव म्हनतंय, हिनं म्याडमला फितवली.”

मी पुन्हा यादी उघडली. सगळ्यात वर सुगंधा. तिच्या खाली ‘चांदणी टेंट’ नावाचा कोणाचा तरी टेंट, ज्याच्या नावात नंबरच नव्हता. त्याच्या खाली एक, दोन, तीन, सगळे शिस्तीत. नऊची जागा रिकामी, आठनंतर थेट दहा. मी डोळे चोळले. एक तर मी वेडी झाले होते किंवा कॉम्प्युटर. भाजी करपली, नवरा म्हणाला, “आकडेच लावायचेत ना?” त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

दुपारी उलगडलं. सुगंधाने आपलं नाव मोबाईलवरून मराठीत भरलं होतं आणि नऊही मराठीतला, ‘९’ असा. माझी दुरुस्ती फक्त इंग्रजी आकडे ओळखत होती. तिच्या दृष्टीने मराठी नऊ म्हणजे एक अक्षर, क-ख-ग सारखं. आकडा नसलेलं सगळं काढून टाक, असं मी सांगितलेलं. दुरुस्तीने इमानाने नऊही काढून टाकला. उरलं काहीच नाही. आणि काहीच नसण्याचा आकडा किती, असं विचारलं की आमचा कॉम्प्युटर सांगतो, शून्य. शून्य एकाच्या आधी. म्हणून सुगंधा पहिली.

त्याहून वाईट पुढे आहे. जुन्या यादीतही ती तळाला होती ती दोन कारणांनी. एक तर नऊ असल्यामुळे, आणि दुसरं म्हणजे मराठी आकडा सगळ्या इंग्रजी आकड्यांच्या खाली जातो म्हणून. मला एकच कारण दिसलं, तेवढंच मी काढलं, आणि दुसऱ्याने तिला उचलून डोक्यावर बसवलं. मी मराठी शाळेत शिकलेली बाई. पाढे मराठीत पाठ केलेले. माझ्याच हातून मराठी नऊचं शून्य व्हावं, याचा मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा तेही समजेना.

तोवर गावात वेगळंच सुरू झालं होतं. सुगंधा पहिली आली ती नाव बदलून, अशी कोणीतरी हूल उठवली. आपापलं नाव बदलायची सोय वेबसाईटवर होतीच. झालं, सगळं गाव मोबाईल घेऊन बसलं. एकाने स्वतःला ‘टेंट 0’ करून घेतलं. चौदा नंबरवाल्याने ‘1 नंबर सेवा टेंट 14’ असं नाव दिलं. माझी दुरुस्ती मधली अक्षरं काढून आकडे एकमेकांना चिकटवायची, तेव्हा तो झाला एकशेचौदा आणि गेला तळाला. एकाने नावातच आपला मोबाईल नंबर टाकला. तो आकडा एवढा मोठा झाला की त्याच्या खाली जायला कोणी उरलंच नाही. टेंटवाल्यांच्या समितीच्या अध्यक्षांनी वेबसाईट बंद ठेवायला सांगितली आणि शनिवारी दुपारी बैठक लावली. विषय एकच होता. सुगंधाने लबाडी केली का, आणि केली असेल तर तिची जागा आजच काढायची का.

मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच गेले. भिंगारहून पहाटेची गाडी, संगमनेर, अकोले, राजूर, पुढे जीपमध्ये कोंबून घेऊन. वाटेत मी मनात भाषणाची तयारी केली होती. शाळेच्या पडवीत पोचले आणि समोर बसलेलं गाव बघून सगळं विसरले.

अध्यक्ष लहानूबाबा सावकाश बोलणारे, पिकल्या मिशांचे. म्हणाले, “म्याडम, आदी तुमी सांगा. मंग आमी भांडू.”

मी सांगितलं. फळ्यावर लिहून दाखवलं. कॉम्प्युटर दहातला एक कसा बघतो आणि शून्य कसं बघत नाही, सगळं. मग मागून एक म्हातारा म्हणाला, “आमची बैलं बी आपापला खुटा वळखत्यात.” लोक हसले. मलाही हसू आलं, पण ते माझ्यावरच होतं.

मग काशिनाथ उभा राहिला. हा दहा नंबरच्या टेंटचा मालक, सुगंधाचा शेजारी. उंचापुरा, बोलायला फटकळ. “म्याडम, आदी ती शेवटाला, ती चुकून. मंग ती पयली, ती बी चुकून. दोन्ही बारीला चूक त्याच बाईवर कशी काय बसती?”

“कारण तिने नऊ मराठीत लिहिला होता,” मी म्हटलं.

“मंग आमी कशात लिवायचं?”

खरं होतं ते मी सांगत होते आणि ते जसजसं सांगत होते तसतसं खोटं वाटत होतं. एकदा तर मीच फळ्यावर आठनंतर दहा लिहिला आणि बायकांनी पदर तोंडाला लावला. सुगंधा एका खांबाशी बसली होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, आणि तिनेही मला. आम्ही दोघी नात्यातल्या असू, असं तिथे कोणी तरी कुजबुजलंही.

शेवटी लहानूबाबांनी निवाडा दिला. मागल्या शनिवारी सुगंधाची झालेली पाळी धरायची नाही, कारण ती चुकून झाली. सगळ्यांनी आपापले नंबर होते तसे लावायचे, ‘चांदणी’ला तिसावा. म्याडमनी वेबसाईट इथेच, सगळ्यांच्या देखत सरळ करायची, आणि पाळी जिथे थांबली तिथून पुढे चालवायची. “कुनाला काय म्हनायचं हाय?” लोकांनी माना डोलावल्या.

मी पडवीतच लॅपटॉप उघडला. मराठी आकडे आधी इंग्रजीत करून घेतले, मग लावले. सोमवारी पुसायची भानगड काढून टाकली. हे सगळं एका शब्दात करायची तयार सोय कॉम्प्युटरमध्ये असते, ती मराठी आकडेही ओळखते, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर त्या पडवीत मी घामाने एवढी भिजले नसते. यादी लागली. एकापासून तिसापर्यंत सरळ. लोक वाकून वाकून बघून गेले.

“आता चालवून दावा,” लहानूबाबा म्हणाले.

वेबसाईट आठवडाभर बंद असल्याने त्या शनिवारी पाहुणे आलेलेच नव्हते. माझी परतीची गाडी चुकणार हे दिसतच होतं. मी म्हटलं, मीच पाहुणी. माझ्या नावाचं बुकिंग केलं आणि बटण दाबलं. खांबाजवळून टिंग असा आवाज आला. सुगंधाचा मोबाईल.

मागल्या शनिवारी पाळी आठवर थांबली होती. आठनंतर नऊ. यात काही म्हणजे काही चूक नव्हती. आणि मी आयुष्यात कधी एवढी ओशाळले नाही.

पडवीत गलका झाला. तो म्हातारा म्हणाला, “शेवटाला चुकून, पयली चुकून, आन आता बरूबर, तरी तीच!” कोणी म्हणालं, आठ माणसं जेवून गेली ती काय भुतं होती? कोणी म्हणालं, ती पाळी धरायची नाही असं आत्ताच ठरलं ना. दोघांचंही बरोबर होतं. मी हातातल्या यादीकडे बघत बसले. ती अगदी सरळ होती, आणि पाळी कोणाची हे मला तिच्यावरून सांगता येत नव्हतं.

सुगंधा उठली. “बाबा, मला नगं ही पाळी. म्होरल्याला द्या.”

लहानूबाबा तिच्याकडे बघत राहिले. “पोरी, ह्यो शेवटला शनवार. आज न्हाई झाली तर जागा जाती. नियम तुला ठावं हाय.”

“ठावं हाय. पर मला रोज ह्याच बायांसंगं पान्याला जायाचंय.”

एवढं बोलून ती खाली बसली. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं आणि नकाराचं बटण दाबलं. पाळी दहावर गेली. काशिनाथच्या खिशात टिंग वाजलं.

बैठक मोडली. काशिनाथने माझी बॅग उचलली आणि पाण्याच्या कडेने चालायला लागला. मी त्याच्यामागे. सुगंधा पुढे निघून गेलेली. अर्ध्या वाटेत काशिनाथ मागे न बघता म्हणाला, “म्याडम, खरं सांगा. ती पाळी तिचीच हुती ना?”

“कॉम्प्युटरच्या हिशोबाने तिचीच. पण मागल्या शनिवारचं धरलं तर... मला नाही सांगता येत हो. मला काहीच कळेनासं झालंय.”

“म्या सबंद सीझन दर शनवारी पाव्हने घेतले. एकाच्या मागं म्या. आन माझा नंबर दहा.” तो थांबला, बॅग या हातातून त्या हातात घेतली. “नवाच्या आदी दहा कसा, आसं एकदा बी इचारलं न्हाई म्या. मशीनच सांगतंय तर सांगू दी, म्हनलं.”

यावर मी त्याला पुन्हा अक्षरांचं आणि आकड्यांचं समजावू लागले. तो म्हणाला, “नका सांगू. डोस्कं दुखतं.”

टेंट आले. दहा नंबरच्या टेंटपुढे त्याची बायको चूल पेटवून बसली होती. परातीत पीठ मळून ठेवलेलं, शेजारी चिरलेला कांदा. पाहुणी येतेय हे तिला कळलेलं दिसत होतं. तिने मला बघून हात जोडले. काशिनाथ तिच्यासमोरून तसाच पुढे गेला आणि माझी बॅग नऊ नंबरच्या टेंटच्या दारात ठेवली.

सुगंधा बाहेर आली. “भावजी, ह्या तुमच्या पाळीच्या हायेत.”

“आमच्यात हिला बरं न्हाई. ताप भरलाय,” काशिनाथ म्हणाला. “घरात दुखनं आसलं तर पाळी शेजारी जाती, आन शेजाऱ्याच्या नावावं धरत्यात. रीतच हाय. बाबांना म्या सांगतो.”

सुगंधाने पलीकडे बघितलं. मीही बघितलं. काशिनाथची बायको चुलीपुढे ठणठणीत बसली होती. आमच्या तिघांच्या नजरा आल्या तशी तिने हातातली फुंकणी खाली ठेवली, कपाळाला पदर गुंडाळला आणि मळलेल्या पिठाची परात उचलून आमच्याकडे आणून दिली.

“मला न्हाई व्हायाचं आज,” ती सुगंधाला म्हणाली, “तूच थाप भाकरी.”

सुगंधा परात धरून नुसती उभी राहिली. काशिनाथ तोवर पाठ फिरवून लहानूबाबांच्या घराकडे निघालाही होता. मग तिने परात चुलीशी ठेवली, हात धुतले, डोळ्यांवरून ओलाच हात फिरवला आणि मला विचारलं,

“म्याडम, तिखट चालतं का तुमाला?”